खिडकीखालची चौथी

अरे, तुम्हाला सांगायचंच राहिलं. आमच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात मारलं. जुन्या रजिस्टरात पहिल्या मुलीचं नाव सापडलं, सखू. पुढे शेरा होता, 'दुसरीतून नाव कमी'. त्या सखूआजी आता नव्वदीच्या आहेत, पूर्णगडला राहतात. गेलो भेटायला.

"आजी, शाळा का सोडलीत?"

"धाकटा भाऊ झाला ना! आयस मासळी घेऊन बाजारात जायची, तो माझ्या कडेवर. वर्गात रडायचा. गुरुजी म्हणाले, ह्याला घरी ठेवून ये. घरी कोणाकडं ठेवू? मग त्याला घेऊन मी बाहेर खिडकीखाली बसायला लागले."

"गुरुजींना कळलं नाही?"

"कळलं की! चार दिवसांनी खिडकीतून वाकून बघितलंनी."

मी म्हटलं, "ओरडले असतील."

आजी हसल्या. "छे! दुसऱ्या दिवसापासून खिडकीत उभे राहून मोठ्यानं शिकवायला लागले. माझी चौथी झाली तिथंच. आणि भाऊ तर बोलायला शिकला तोच पाढे म्हणत!"