लिलावातला कॅमेरा मी पारखला होता

दि. २३ एप्रिल २०२४

नाव : बद्रीनाथ सांडू मोकासे, वय ५८ वर्षे, धंदा कॅमेरा दुरुस्ती, रा. उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. मूळ गाव पिशोर, ता. कन्नड.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी वरील पत्त्यावर राहतो. मला कोणी बोलावलेले नाही.

उस्मानपुऱ्यात माझे एकतीस वर्षांपासून दुरुस्तीचे दुकान आहे. जुना कॅमेरा घेणारे लोक तो आधी मला दाखवतात. आता खरेदी ऑनलाइन लिलावात होते, तरी बोली लावण्याआधी फोटो मलाच पाठवतात. मी सगळ्यांना तेच तेच सांगतो. कॅमेऱ्याशेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवून फोटो मागवा. तळाचा नंबर मागा. पैसे संकेतस्थळामार्फतच भरा, म्हणजे वस्तू हातात येईपर्यंत ते विकणाऱ्याला मिळत नाहीत. गिऱ्हाइके मला कटकट्या म्हणतात. म्हणोत.

सुकेशनी मुंजाबा गोरे, वय २४, ही माझ्या गावची. तिच्या वडिलांकडे मेंढरे होती. यंदा पिशोरकडे पाणी नाही, चारा नाही, म्हणून त्यांनी ती फेब्रुवारीत विकली. गावाकडची लग्नेही पाण्यापायी पडेगावच्या लॉनवर होऊ लागली आहेत. तिथे सुकेशनी दुसऱ्यांचे कॅमेरे घेऊन फोटो काढायची. मेंढरांचा पैसा घरखर्चात जिरून जाण्याआधी पोरीला स्वतःचा कॅमेरा घ्यायचा, असे मुंजाबाने ठरवले.

दि. १६ रोजी दुपारी ती लिलावातला एक कॅमेरा मोबाईलवर दाखवायला दुकानात आली. विकणारा स्वतःचे नाव माऊली सांगत होता. तो फोनवर म्हणाला की, संकेतस्थळामार्फत दहा दिवस जातील, थेट पैसे पाठवा, आजच पार्सल करतो. तिला २१ तारखेचे लग्न मिळाले होते. तिने मला विचारले, "काका, पेपर ठेवून फोटो मागू का त्याला?"

मी फोटो मोठा करून पाहिला. वर फ्लॅश बसवायच्या खाचेत हळदकुंकू अडकलेले होते. दसऱ्याला आम्ही सगळे कॅमेऱ्याची पूजा करतो. ते हळदकुंकू खाचेतून कधी पुरते निघत नाही, माझा निम्मा जन्म ते ब्रशने काढण्यात गेला. मला वाटले, हा धंद्यातला माणूस आहे, आपल्यातला आहे. मी म्हणालो, "राहू दे. पाठव पैसे." तिने माझ्या सांगण्यावरून थेट पैसे पाठवले.

दि. २० रोजी पार्सल माझ्या दुकानात उघडले. त्याचे चित्रीकरण तिच्या मोबाईलमध्ये आहे. कॅमेरा हातात घेताच मला समजले. आतले भाग काढून घेतलेले होते आणि वजनासाठी लोखंडी नट भरलेले होते. खाच स्वच्छ होती. म्हणजे फोटोतला कॅमेरा दुसराच कोणाचा तरी. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. लग्नासाठी मी तिला माझा कॅमेरा देऊ केला. ती म्हणाली, "नको काका. आता कुणाचाच नको." ती लग्नाला गेली नाही.

काल मुंजाबा दुकानात आला. चहा घेतला. लेकीने तक्रार दिल्याचे त्याने सांगितले. मग म्हणाला, "तुमचं नाव नाय घेतलं तिनं. कुणालाच इचारलं नव्हतं, आसं लिहून दिलंय. तुमच्याकडं लोक येत्यात, म्हून." जाताना त्याने माझ्याच पाठीवर हात ठेवला. मला फार लाज वाटली.

तरी सांगतो की, तिच्या जबाबातले ते वाक्य खरे नाही. तिने विचारले होते. काय मागायचे तेही तिला माहीत होते. मीच नको म्हणालो. लॉनवरचे लोक तिला अडाणी म्हणतात असे ऐकतो. ती अडाणी नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "तिने थेट पैसे पाठवले" एवढेच लिहिलेले होते. "माझ्या सांगण्यावरून" हे शब्द मी घालायला लावले. आता बरोबर आहे.