भात, मिर्ची अन् माहं टक्कल

हसून काहून राहिले बे? हे टक्कल लग्नाच्या आधीचं आहे, बायकोचा काही दोष नाही. केस गळाले लागले तं आई म्हणे, "रायपूरचा भात खाऊन खाऊन झालं हे. आपल्या वर्धेकडं ज्वारी खातेत, तिकडं कसे दाट केस असतेत!" शेजारच्या दीदी म्हणत, "नहीं काकी, आप मराठी लोग मिर्ची बहुत खाते हो. हमारे यहाँ बासी खाते हैं, सबके बाल देख लो."

मंग काय, सकाळी दीदीची बासी, म्हणजे रातभर पाण्यात ठेवलेला भात. रातच्याले आईची भाकर. पोट एकदम खुश, डोकं मात्र तसंच.

तेवढ्यात वर्धेहून पोरीचे वडील मले पाहाले आले. ते बसले नाही तं आई सुरू, "भाऊ, हे इकडच्या भातानं झालं. आमच्या खानदानात असं नाही."

त्यायनं शांतपणे टोपी काढली. माह्याहून चकचकीत!

"ताई, आम्ही तं ज्वारीच खातो."

आईनं पटकन चहा पुढं केला.

त्यायनं चहाचा घोट घेतला, "टेन्शन नका घेऊ. आमच्या पोट्टीले घरातच सवय आहे."