चिप कुणी बसवली?

"हॅलो? … हॅलो, कोन बोलायलंय? … कोन?"

नंबर अनोळखी होता, पण पलीकडचं खाकरणं ओळखीचं होतं. रेणूनं दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरला पाठ टेकली.

"तुम्ही व्हय! … अवो, हाव कुठं तुम्ही? सकाळधरनं फोन लावून लावून माझी बोटं दुखायलीत. … नवं सिम? कशाला नवं सिम? … पोलिसाला कळू ने म्हणून? … म्हंजे धाडीची बातमी पोचली तुमच्यापातूर! … आन बायकोला बी कळू ने? … बरं बरं, सांगा. कुठं हाव? … अफजलपूरच्या स्टँडवर? स्टँडवर काय करायलाव?"

तिचा नवरा महांतेश परवाच अफजलपूरला थोरल्या बहिणीकडं, राजूअक्काकडं, भाच्याच्या जावळाला गेला होता. आणि नेमकी आज सकाळी चिटगुप्प्याच्या बाजारातल्या त्यांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानावर धाड आली. पोलिसांच्या संगं बंगळूरहून आलेला कंपनीचा एक माणूस होता. त्यानं गेमचं मशीन तिथंच टेबलावर उघडलं, आतल्या बोर्डावर कथलाचा डाग देऊन बसवलेली नखाएवढी चिप दाखवली आणि जमादाराला म्हणाला, हीच ती. रेणू त्या वेळी सुटे भाग आणायला बिदरला गेलेली. दुकानात एकटे सासरे होते, काशाप्पा.

"व्हय, नेलं. मशीन नेलं, टीव्ही नेला, सीड्यांचा डबा बी उचलला. … अवो सीड्यांचं काय घिऊन बसलाव! ऐका की माझं. मामाला नेलेत. … मामाला! तुमच्या अप्पाला! … न्हाई, न्हाई, हात न्हाई लावला. बाकड्यावर बसवून ठिवलेत. … कामून म्हंजे? त्यांनीच सांगितलं म्हणं. दुकान माझं, मशीन माझं, चिप बी मीच बसवली. … मी खोटं कशाला सांगू? बाजूचा रहीमभाई उभा होता तिथं. जमादारानं इचारलं, काका, कसली चिप बसवलाव? तर मामा म्हणाले, बटाट्याची."

पलीकडं महांतेश हसला, का त्याला हुंदका आला, ते तिला कळलं नाही. काशाप्पाची सारी हयात मेंढरांमागं गेलेली. कुठल्या मेंढीला कुठलं कोकरू, एवढं त्यांना अंधारातही कळायचं. पण टीव्हीचं बटण दाबायचं झालं तरी ते सुनेला हाक मारत. दुकानाचं विजेचं मीटर त्यांच्या नावावर होतं, तेवढाच काय तो त्यांचा त्या धंद्याशी संबंध. पोलीस दारात दिसले तेव्हा म्हाताऱ्यानं एकच हिशेब केला असावा: पोरगं वाचलं पायजे.

"हॅलो? … हाय, हाय, बोला. … काय म्हणलाव? … परत म्हणा."

ती शटरपासून बाजूला झाली.

"म्हातारं मानूस हाय, त्याला काय करत न्हाईत… हे तुम्ही बोलायलाव का दाजी बोलायलेत तुमच्या तोंडानं? … दाजीच ना! वळखलं मी. … म्हंजे तुम्ही सोलापूरला जायचं, तिथनं पुण्याला. हितं मामाच्या अंगावर केस पडू द्यायची. जज्ज पांढरे केस बघून सोडून देतोय. … असं ठरलं व्हय तुमचं? … आन राजूअक्का ह्याला हो म्हणाली? … तिला सांगितलंच न्हाई! बरं केलाव. सांगितलं असतं तर तिनं खेटर घिऊन तुम्हाला स्टँडपातूर पिटाळलं असतं."

तिनं एका हातानं शटर खाली ओढलं, पायानं दाबलं आणि कुलूप घातलं. शेजारच्या दुकानातनं रहीमभाईनं शिलाई मशीन थांबवून विचारलं, क्या हुआ भाभी?

"कुछ नै भाई. ठाने को जातूं, आतूं… न्हाई, तुम्हाला न्हाई, रहीमभाईला बोलायलेय. … व्हय, ठाण्यालाच. दुसरं कुठं जाऊ?"

बाजाराचा दिवस होता. तुरीच्या पोत्यांतनं, कांद्याच्या ढिगांतनं वाट काढत ती चालू लागली. लोक बघत होते. सकाळची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली होती आणि कुणी म्हणत होतं नकली नोटा सापडल्या, कुणी म्हणत होतं घाणेरडी पिक्चरं.

"वकिलाला इचारल्याबिगर जाईन का मी? … हुमनाबादच्या आप्पाराव वकिलाला. फोन लावला होता. … सांगायलेय न्हवं! मधी मधी बोलू नका. ते म्हणाले, ह्यात दोन गोष्टी येगळ्या हायेत. नकली सीड्या लावून पैसा कमवायचा, हा पहिल्यापासनंच गुन्हा. आन कंपनीनं जे कुलूप घातलंय आत, ते तोडायचं, त्याचा कायदा औंदाच आलाय. … व्हय, औंदा. … जेल बी हाय. दोन वर्सापातूर होऊ शकते म्हणाले, दंड येगळा. … भ्या वाटत न्हाई कसं? मी काय दगडाची हाय? पर ते म्हणाले, कुलूप कशासाठी तोडलं ते बघतेत. चोरीच्या इराद्यानं तोडलं, हे त्यांनी शाबीत करायचं. … मंग? मी कशासाठी तोडलं, तुम्हाला ठावं न्हाई?"

महांतेशला ठाऊक होतं. गल्लीतल्या महादेवप्पाचा दुबईचा मुलगा ते मशीन घेऊन आला होता आणि परत जाताना महांतेशला विकून गेला. त्यासाठी हैदराबादहून चांगली पेटीबंद, अस्सल सीडी आणली, तर मशीन ती घेईना. दुबईच्या मशीनला इकडची सीडी चालत नाही, असं कंपनीनंच करून ठेवलेलं. हैदराबादला असताना रेणू एका कारखान्यात बोर्डांवर डाग द्यायचं काम करायची. सहा वर्षं तिनं तेच केलं होतं. तिनं मशीन उघडलं, चिप मागवली, बारीक तारा जोडल्या, आणि संध्याकाळी पडद्यावर मोटारी पळायला लागल्या. त्या दिवशी महांतेशनं आख्ख्या गल्लीला भजी खाऊ घातली होती.

"आपल्या पैशाचं मशीन, आपल्या पैशाची सीडी, आन दोघांनी एकमेकाचं तोंड बघायचं न्हाई! असं कुठं असतंय का? … मी बैलगाडी इकत घेतली आन तिला माझेच बैल जुंपले, तर गाडीवाला मला जेलात घालतोय? … कायदा असंल. असू द्या. मी कुठं म्हणते न्हाई? पर मी चोरी केली न्हाई, आन जे केलं ते लपवत बी न्हाई. … ईरम्माच्या पोराचं मशीन बी मीच केलंय, गेल्या म्हैन्यात. ते बी सांगणार. … का म्हंजे? इचारलं तर सांगणार!"

पलीकडनं आता वेगळाच सूर आला असावा, कारण तिची चाल मंद झाली.

"… न्हाई. … न्हाई म्हणते न्हवं. … तुम्ही कामून अंगावर घेताव? … बायकामानसानं ठाण्यात जायाचं न्हाई, मी येऊन मीच केलं म्हणून सांगतो… अवो, तुम्हाला डाग देता येतोय का? साध्या बल्बाची वायर जोडताना फ्यूज उडवलाव तुम्ही! जमादार म्हणला, करून दाखव, तर काय दाखवणार? … अब्रूला डाग लागतोय? … लागू द्या. डाग द्यायचं तर माझं कामच हाय."

स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं आणि लगेच विरलंही. बिदरहून आल्या आल्या ती दुकानापुढं उभ्या असलेल्या पोलिसाकडं गेली होती. तुमच्या घरात मिस्त्री कोण आहे, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, मी. तो शेजारच्या पोलिसाकडं बघून हसला आणि म्हणाला, जा बाई, नवऱ्याला पाठवून दे. शिवी दिली असती तर तिनं गिळली असती. ते हसणं मात्र गिळलं जात नव्हतं.

"चोर म्हणा मला, गुन्हेगार म्हणा. कोर्टात मी झगडीन. पर माझ्या हातचं काम मामाच्या नावावर न्हाई जायचं आन तुमच्या बी न्हाई. … ऐका आता. नकली सीड्या कुणी आणल्या? … मी म्हणत होते का न्हाई, नका आणू? … मंग ते तुमचं. ते तुम्ही येऊन सांगा. कुलूप माझं, सीड्या तुमच्या. ह्यात मामा कुठं हायेत? दाखवा मला. कुठं हायेत?"

फोनमधनं स्टँडचा गलका आला. कुणीतरी शेंगा विकत होतं. एक कंडक्टर कन्नडमधनं गाव पुकारत होता, पण कुठलं ते तिला कळेना.

"कोन वरडायलंय? … सोलापूरची लागली? … मंग बसा की. मी काय तिथं येऊन हात धरणार हाय का तुमचा? … दाजी संगट हायेत? … तिकीट बी काढून दिले? लई पुढारी मानूस. … एक सांगते, मंग जावा. पुण्यात खोली मिळंल, काम मिळंल. कुणी इचारलं, वडील काय करतेत, तर काय सांगताव? … सांगा की."

रेणू ठाण्याच्या फाटकाशी आली होती. आत व्हरांड्यात काशाप्पा दिसत होते. पटका सोडून मांडीवर ठेवलेला, पाठ भिंतीला न टेकता ताठ. त्यांनी सुनेला पाहिलं आणि हातानंच खुणावलं, जा, जा.

"मामा दिसायलेत मला. … बसलेत. … पाणी बी दिलं का न्हाई कुणास ठावं. मला जा म्हणून खुणवायलेत. … काय? … हॅलो? मोठ्यानं बोला. … उतरलाव? कुठनं उतरलाव? … आन दाजी? … वरडू द्या त्यांना. … गुलबर्ग्याची गाडी कंदी हाय? … उभीच हाय? पळा मंग! … उभं राहून या, टपावर बसून या, पर या. गुलबर्ग्याहून हुमनाबाद, हुमनाबादहून जीप मिळती. … अवो, रडायलाव का? … गाडीत लोकं हायेत, नाक पुसा."

तिनं पदर खोचला आणि पायऱ्या चढली. फोन कानालाच होता.

"ठिवू नका, ऐकत राहा. … मामा, उठू नका तुम्ही. … अवो बसा. मला माहीत हाय तुम्ही काय सांगितलाव ते. … साहेब, नमस्कार. मी रेणू. काशाप्पाची सून, महांतेशची बायको. … न्हाई, नवरा येऊ लागलाय, रातीपातूर येतोय, त्याचं तो सांगतोय. माझं आधी लिवा. … हसा तुम्ही. हसून झालं की लिवा. ते मशीन मी उघडलं. चिप मी बसवली. ह्या हातानं. … कुणी शिकवलं न्हाई, फूस बी कुणी लावली न्हाई. … व्हय, कायदा आता कळलाय मला. वकील उद्या येतेत, कोर्टात जे व्हायचं ते हुमनाबादला होऊ द्या. पर ह्या मानसाला घरी सोडा. ह्यांना चिपमधलं ओ का ठो कळत न्हाई."

जमादारानं आधी तिच्याकडं, मग म्हाताऱ्याकडं पाहिलं. चावलेल्या बॉलपेनाचं टोपण त्यानं दातानं काढलं आणि काशाप्पांना म्हणाला, काका, जावा घरी. काशाप्पा उठले नाहीत. त्यांनी मांडीवरचा पटका उचलून डोक्याला बांधला, बाकड्यावर जरा सरकले आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला, सुनेला बस म्हणून.

"… हॅलो? ऐकलाव न्हवं सगळं? … व्हय, लिवून घ्यायलेत. … न्हाई, मामा जात न्हाईत. बसलेत संगट. … येताना हुमनाबादला थांबून वकिलाला भेटून या. आन मामासाठी केळी आणा, सकाळधरनं उपाशी हायेत. … बरं. … बरं म्हणते न्हवं. साहेब पुरं नाव इचारायलेत. ठिवते."