बेंजोवाल्याची गिटार

आमी मूळचे मूर्तिजापूरचेच. माहा आजा इथलाच, बाप इथलाच, स्टेशनाच्या अलीकडं आमची वस्ती, न खानदान सारं बँडवाल्यायचं. आज्यानं ढोल वाजवला, बापानं ताशा वाजवला न मी बेंजो. हनीफ बेंजोवाला म्हना, कोनी बी घर दाखवन. बेंजो तुमाले माहीत असन, पेटीसारख्या चाव्या असतेत, खाली तारा, डाव्या हातानं चाव्या दाबाच्या न उजव्या हातानं पत्ती मारून तारा छेडाच्या, गळ्यात पट्टा, मागं भोंग्याची गाडी, न जनरेटरचा धूर सारा आपल्याच नाकात. तीस वर्षं तो धूर खाल्ला भाऊ. वरातीत कोन केव्हा आंगावर पडन याचा नेम नाई. एका नवरदेवाचा मामा तं माह्या बेंजोवर ओकला होता, न मी आपल्याच वर्दीच्या बाहीनं तारा पुसल्या न तिथूनच पुढं वाजवलं, कावून का वरात थांबत नसते. तुमी नाक मुरडून राह्यले, मुरडा, पन याच्याहून घान पुढं आहे.

मंग ते नापिकीचे वर्षं आले. एका वर्षी पानी नाई, दुसऱ्या वर्षी सोयाबीन काढाच्या टायमाले पानी, तिसऱ्या वर्षी कपाशीत अळी. लगन काई थांबत नाई, पोरी वाढतच असतेत, पन बँड थांबते. नांदगाव खंडेश्वराकडचे लोक आमचे पक्के गिऱ्हाईक, दरसाली दिवाळी झाली का माणूस येत होता तारखा धराले, तो माणूस येनं बंद झाला. रस्त्यात भेटला तं म्हने, हनीफभाई, यंदा सामूहिकात उरकून टाकलं पोरीचं, एका मांडवात चाळीस जोड्या, तिथं कोनाचा बँड न कोनाचं काय. न ज्यायच्या घरी थोडंफार होतं त्यायनं डीजे आनला, एक गाडी, दोन मानसं, न छातीत धडधड. आमी चौदा जन होतो. कोनी केळ्याची गाडी लावली, कोनी कापसाच्या जिनिंगवर गेला, आमचे क्लॅरोनेटवाले करीम उस्ताद घरी बसले. मले बी जिनिंगवाल्यानं बलावलं, म्हने गेटवर बस, येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या पाय. मी म्हनलं, आजवर वाजवून खाल्लं, पुढं बी वाजवूनच खाईन. तोंडानं म्हनलं, न घरी येऊन पिठाचा डबा उघडून पाह्यला.

तेवढ्यात अकोल्याच्या एका शाळेचे संचालक भेटले. इंग्रजी शाळा, मोठी, नाव नाई घेत मी. त्यायच्या भावाच्या लग्नात आमी वाजवलं होतं, त्या वळखीवर गेलो, म्हनलं सर, संगीताचं काई काम असन तं सांगा. ते म्हने, तबला-पेटी आता कोनाले पायजे, पालक गिटार मागतेत, गिटार येते काय? हाव म्हनलं. जलमात गिटारले हात लावला नव्हता, पन हाव म्हनलं. मंग ते खुर्चीत मागं रेलले न सांगाले लागले का पुण्याले होस्टेलात होते तेव्हा एक इंग्रजी गानं आयकत, लंबे केसवाल्या गोऱ्यायचं, तेव्हाच जुनं होतं, आता तं पन्नास वर्षाचं झालं असन. म्हने, जानेवारीच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं वाजवून दाखवा, तुमची नोकरी पक्की. मी बोटावर मोजलं, सहा महिने होते. म्हंजे पाहा, जिनिंगचं गेट का गिटार, ह्या एका गान्यावर होतं.

एका कॉलेजच्या पोट्ट्याकडून जुनी गिटार घेतली. माही पोरगी रुखसार तेव्हा बीएस्सीले होती, तिनं फोनवर शोधलं न एक गोरा काढून देल्ला. टकला मानूस, मागं सोफ्यावर कुत्रं झोपेल, न हा गिटार घेऊन बोलून राह्यला. किती बोलावं मानसानं! दहा मिन्टं झाली तरी तारीले हात नाई. रुखसार म्हने, अब्बा, तो सांगून राह्यला का हे गानं कोनी केव्हा कोन्त्या गिटारीवर वाजवलं. म्हनलं, मले त्याची सोयरीक नाई जुळवाची, गानं वाजव म्हना. मधातच फवारनीच्या औषधाची जाहिरात, मंग बियान्याची जाहिरात, न शेवटी हा टकला हात जोडल्यावानी मांगते, अंगठा दाबा, घंटी दाबा. आमी वरातीत नोटा मांगत होतो, हा अंगठे मांगते. शिसारी आली मले. दुपारी जेवन झालं का बँडच्या खोलीत बसाचं, भिंतीले वर्द्या टांगलेल्या, त्यायले उंदरानं कुरतडलं, त्याचा तो वास, न समोर फोनात हा गोरा.

आता माही चूक आयका. त्याचा पयला धडा होता गिटारीच्या तारा कशा लावाच्या त्याचा. रुखसारनं लावला तं मी म्हनलं, बंद कर. तीस वर्षं तारा लावून राह्यलो मी, हा मले तार लावाले शिकवते काय? आमच्या बँडमध्ये कायदा असा का क्लॅरोनेटवाला उस्ताद आपला सा फुकते, पेटीची काळी पाच, न बाकीचे सारे आपलं वाद्य त्या सा वर लावतेत. बेंजोत सा असते न पंचम असते, तिसरी भानगड नाई. मी पेटी काढली, काळी पाच दाबली, न गिटारीच्या साही तारा सा-पंचम, सा-पंचम लावून टाकल्या. दोन तारा तिथंच तुटल्या, म्हनलं मालच बोगस. नव्या आनल्या. मंग गोऱ्यानं दाखवलं तिथंच बोट ठेवलं, बराबर ठेवलं भाऊ, केसाचा फरक नाई, न छेडलं तं गाढव बोंबलल्यावानी आवाज. पुन्हा ठेवलं, पुन्हा गाढव. दोन महिने. बोटाले फोडं आले, फोडं फुटले, वरून कातडं जाड झालं, न आवाज तोच. मी त्याले शिव्या देत होतो, म्हनत होतो हा जानूबुजून गलत शिकवते, थैलीवर फोटो एका कपाशीचा न आत बियानं दुसरंच, तशातला हा गोरा. नाचता येईना अंगन वाकडं, ते म्या खरं करून दाखवलं.

एक दिवस रुखसार उंबऱ्यात बसून तांदूळ निवडून राह्यली होती, म्हने, अब्बा, तो बोट न दाबता हात मारते तेव्हाच त्याचा आवाज येगळा येते न तुमचा येगळा. म्हनलं, तुले काय समजते. तिनं माह्या हातातून फोन घेतला न तो पयला धडा लावला. आता पोरीनं लावला तं आयकला. एकेक तार छेडून दाखवली त्यानं, साही तारा येगळ्या, न सा म्हनावं असं एक ठिकान नाई. मी म्हनलं, याचा सा कोन्ता आहे, इचार. ती म्हने, इचारता येत नाई अब्बा, तो फोनात आहे, पन तो सांगते का जसं गानं तसा सा, तारा मातर ठरल्या सुरायवर एकदा लावल्या का तशाच राहतेत. मी डोक्याले हात लावून बसलो. जो मानूस तीस वर्षं दुसऱ्यानं फुकलेल्या सा वर तारा लावते त्याले हे कसं समजन, सांगा. मंग त्या गोऱ्याच्या तारीशी तार जुळवली, तीन बोटं ठेवली, पत्ती मारली, न खोली भरून आवाज आला. तुमाले वाटन मी खूश झालो असन. नाई. मले माहीच घिन आली, का दोन महिने गाढवासारखा ऐटीत राह्यलो.

तिथून मंग मी त्या टकल्याले मानलं. आमच्यात कसं असते, अवघड जागा आली का उस्ताद पाठ फिरवतेत, कोनाले बोटं दिसू नाई म्हनून. करीम उस्तादची अर्धी कला मी त्यायच्या पाठीमागून आयकली, इचारलं तं मार भेटत होता. न हा गोरा, ना वळख ना पाळख, दोन दोन कॅमेरे लावून बोटं दाखवते. चार सेकंदाचा तुकडा असन तं चाळीस मिन्टं सांगते, तार किती ओढाची, अर्धा सूर का पुरा सूर, पत्ती वरून मारा का खालून, न तुमी चुकान तं इथं चुकान, असं आंदीच सांगते, न मी तिथंच चुकत होतो. रुखसार एकेक वाक्य थांबवून मले सांगे, मी एकेक तुकडा बसवे. ती स्वतः कधी गिटारले शिवली नाई, पन तिचं ते गानं पाठ झालं, भांडे घासताना त्याची लीड, म्हंजे मधातला नुसत्या गिटारीचा भाग, तोंडानं म्हने. डिसेंबरात पुरं गानं बसलं. उस्तादले घरी बलावून आयकवलं, ते म्हने, इंग्रजी मले समजत नाई पन तुहा हात साफ आहे. तीस वर्षात पयल्यांदा म्हनले.

गॅदरिंगच्या दिवशी आमी बापलेक पॅसेंजरनं अकोल्याले गेलो. मांडव मोठा, स्टेज मोठा, मले घालाले कोट देल्ला. मी गिटार काढली, तारा जुळवल्या, वायर जोडली, तं संचालक आले न हळूच म्हने, हनीफभाई, पाहुणे मोठे आहेत, आपण रिस्क घ्यायची नाही, गाणं पेनड्राईव्हवर आहे, ओरिजिनल, तुम्ही फक्त हात फिरवा. मले पयले समजलंच नाई. म्हनलं, सर, सहा महिने शिकलो, एकदा आयका तं खरं. ते म्हने, शिकलात ते चांगलंच केलंत, हात तरी बरोबर फिरतील. न साउंडवाला डीजेचा मानूस, त्यानं हासत हासत माही वायर उपटली, गुंडाळली न खोक्यावर ठेवून देल्ली.

मी निघून येऊ शकत होतो, कोनी बांधून ठेवलं नव्हतं. नाई आलो. जिनिंगचं गेट दिसलं डोळ्यासमोर न मी स्टेजवर चढलो. धूर सोडला, लाल-निळे लाईट फिरले, गानं सुरू झालं. वायर नव्हती म्हनून मी खोटं बोट नाई फिरवलं भाऊ, एकेक सूर वाजवला, ओढाची तितकी तार ओढली, पन माह्या तारीचा आवाज माह्या पोटाले लागे तितकाच, बाकी सारं त्या डब्यातून. लोक उभे राह्यले, मोबाईलचे लाईट हलवले, मंग शाल न नारळ, न संचालक माईकवर म्हने, अगदी ओरिजिनल वाटलं. तो मामा बेंजोवर ओकला तेव्हा नाई आली इतकी घिन आली मले. ओकारी पुसता तरी येते.

रुखसार तिसऱ्या रांगेत होती, तिनं टाळी नाई वाजवली. येताना गाडीत बोरगाव गेल्यावर म्हने, अब्बा, लीडच्या तिसऱ्या तुकड्यात तुमी त्या पेनड्राईव्हच्या जरासे पुढं निघून गेलते. गेलो होतो खरंच. इतक्या मोठ्या मांडवात एका पोरीनं मले आयकलं, ते बी कानानं नाई, डोळ्यानं. मी खिडकीकडं तोंड केलं.

नोकरी भेटली, पक्की झाली. लोक आता मले गिटार सर म्हनतेत. रुखसारचं लगन झालं, अमरावतीले असते, तिच्या लग्नात ना बँड होता ना डीजे, मीच नाई म्हनलं. जिनिंगच्या गेटवर बसलो नाई, घरात दोन टाईम चूल पेटते, तक्रार कोनापाशी करू, हाव मीच म्हनलो होतो. गॅदरिंग दर साली होते. आता मी एकटा नसतो, बारा पोरं-पोरी गिटार घेऊन उभे असतेत, वायर कोनाचीच नसते, न नोव्हेंबरापासून मले त्यायले शिकवा लागते का हात कसा फिरवाचा, मान केव्हा हलवाची, लोकायकडं केव्हा पाहाचं.

यंदा आठवीतली एक पोरगी आली, वरुडची, संत्र्यावाल्याची, होस्टेलात राहते. म्हने सर, मले पुरं येते, माही एकटीची वायर लावा नं. येते तिले, मी आयकलं आहे, माह्यापेक्षा साफ हात आहे. संचालकाले जाऊन इचारता आलं असतं. नाई इचारलं. मी म्हनलं, बेटा, रिस्क नाई घ्याची, तू फक्त हात फिरव. माह्या तोंडानं म्हनलं. तिनं एकदा गिटारकडं पाह्यलं न म्हने, हाव सर. अल्लाह तिले खुशाल ठेवो. हुशार पोरगी आहे, एका दिवसात शिकली.