मिठाची वाट

दादा : हलू नका, पाहुणे. मागे कठडा नाही, खाली रसाची टाकी आहे. दुरुस्तीला काढलाय.

पाहुणा : ही पहार डोक्यात घालीन तुझ्या! काय ओतलंयस हे? पाय ठरत नाही.

दादा : पाणीच सोडलंय. भुकटी आधी पसरून ठेवली होती. पॉलिमर. उसाच्या रसातला गाळ तळाला बसवायला वापरतो ती. कोरडी असली तर झाडूनं निघते, पाणी लागलं की शेंबूड. कारखान्यातला माणूस चुकूनही तिच्यावर पाणी टाकत नाही.

पाहुणा : म्हणजे तू मुद्दाम...

दादा : मुद्दाम. बायको कुठंय म्हणून ओरडत आलात, वर आहे म्हटलं. आलात धावत. आता माझ्या हातात नळी आहे. एक धार सोडली की खाली उकळत्या रसात.

पाहुणा : माझी बायको आहे ती! मी मारीन, नाहीतर गाडीन. तू कोण विचारणारा?

दादा : मोठ्यानं बोला. खाली टाकीलाही ऐकू जाऊ दे.

पाहुणा : थांब तू. ह्या डब्यात काय आहे? साखर? वाळूसारखी टाकतो पायाखाली आणि येतो तुझ्याकडं. मग बघ.

दादा : टाका की. अडवलंय कुणी?

पाहुणा : आई गं! गुडघा... गुडघा फुटला माझा!

दादा : साखर गरीब हो. पाण्यात विरघळते आणि गप बसते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ह्या चिकट्यापुढं तिचं काही चालत नाही. आमची धाकटी तशीच होती, तुमच्या घरात.

धाकटी : दादा! नळी खाली ठेव!

दादा : तू कशाला आलीस? खाली जा. प्रयोगशाळेत जाऊन बस.

धाकटी : नळी ओढत वर जाताना काचेतून दिसलास. तिथंच कळलं मला. मिठाची पिशवी आणलीय. सरक.

दादा : मीठ? ह्याच्यासाठी? भाजी अळणी झाली म्हणून ज्यानं तुझं मनगट पिरगाळून मोडलं, त्याला मीठ?

धाकटी : ह्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. हा मेला की तू तुरुंगात. मग मी कुणाच्या दारात जाऊ? ठेव ती नळी.

पाहुणा : अगं, साखर टाकून आपटलो मी. मिठानं काय होणार?

धाकटी : साखरेवर वीज नसते. मीठ पाण्यात सुटलं की त्याच्या कणांवर असते. ह्या चिकट्यात लांब लांब दोरे आहेत. सगळ्यांवर एकसारखी वीज, म्हणून एकमेकांना ढकलत ताठ पसरतात. मीठ पडलं की ढकलणं थांबतं, दोरे आखडतात. मग पाय टिकतो. पहार टाका आधी.

पाहुणा : टाकली. टाकली ना!

धाकटी : आता मी मीठ टाकलंय त्या पट्टीवरून सरळ या. पट्टीबाहेर पाय नाही. उतरायचं आणि फाटकाबाहेर जायचं. मी घरी येणार नाही.

पाहुणा : बरं, बरं. तू म्हणशील तसं. ...टिकला! पाय टिकला!

दादा : बघ, हसतोय. लाज तरी आहे का बघ.

पाहुणा : मी फाटकाबाहेर जायचं? तू सांगणार मला, भवाने? भावाच्या जिवावर उड्या मारतेस होय?

दादा : मागे हो! अरे, झिंज्या सोड तिच्या!

धाकटी : सोडा... मीठ एवढ्याच पट्टीवर आहे... अहो, पाय बाहेर जातोय!

(धप्पकन आवाज. मग नुसता खालच्या रसाचा रटरटाट.)

पाहुणा : धरा मला! धरा! वाफेनं पाय भाजतायत! कडेच्या पाइपाला लोंबकळलोय, हात निसटतोय, त्यालाही तेच लागलंय!

दादा : राहू दे त्याला तिथंच. आपण काय केलं? वाट होती, मीठ होतं. तोच तिरका गेला.

धाकटी : नळी तू आणलीस, दादा. मी पालथी पडते. माझे पाय धर.

दादा : अगं, तो तुलाही घेऊन जाईल खाली.

धाकटी : पाय धर म्हणते ना!

दादा : ...धरले.

पाहुणा : दे, हात दे लवकर! हा नको! हा नको, तो दुसरा दे!

धाकटी : दुसऱ्यानं खांब धरलाय मी. देण्यासारखा हाच आहे. ह्यात जोर राहिला नाही, तुला माहीत आहे. धरायचं तूच.