पलीकडचा उतार

नोंदणी कचेरीच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या एका ड्रायव्हरने तोंडासमोर पेपर धरला होता, पण कान शेजारच्या आत्या-भाच्याकडे होते.

"सौदा झाला म्हणालीस, तेव्हा हायसं वाटलं बघ. आता ऐन वेळी माघार घेऊ नकोस, आत्या."

"मी कधी घेतली रे माघार?"

"पावसाळ्यात तुझ्या त्या जंगलाची वाटच बुजते. तू इकडे गुडघे धरून बसतेस. एवढं रान सांभाळणार कोण?"

"आजवर कोण सांभाळत होतं? तू?"

"आणि उन्हाळ्यात वणवा! गेल्या वर्षी अर्धी झाडं गेली ना?"

"गेली. मी थंडीतच, दव असताना, हद्दीवरचं गवत जाळून पट्टा मोकळा करते. पलीकडचा मालक मात्र इकडची काडी तिकडे करत नाही. त्याच्या उतारावर कमरेएवढं गवत माजतं, ते पेटतं आणि थेट माझ्या झाडांवर येतं."

"तेच म्हणतोय मी. त्याला काही अक्कल यायची नाही. एकदाचा जाऊ दे डोक्याचा ताप."

"जाणारच आहे आज."

"शाबास! पण घेणारा आलाय का?"

"घेणारी आलीये की. तुझ्या शेजारीच बसलीये."

ड्रायव्हरच्या हातातला पेपर खाली आला.

"म्हणजे?"

"पलीकडचा उतार मी विकत घेतेय. आता दोन्हीकडचं गवत मीच जाळणार. बघू वणवा कुठून येतो ते!"

"अगं, या वयात? मग मला कशाला आणलंस इथवर?"

"साक्षीदार लागतो. ऊठ, नंबर आला आपला."