यादीतली दुसरी रखमा

धोटा कामगार गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष माननीय मनमोहनराव, व्यासपीठावरील पाहुणे, माझे कार्यालयातले सहकारी आणि लालबाग-परळहून आवर्जून आलेल्या गिरणीवाल्या बंधुभगिनींनो,

माझ्या या निरोप समारंभात वीरेंद्रजी आत्ताच म्हणाले, उर्मिलाबाईंच्या एकोणीस वर्षांत यादीत एकही चूक झाली नाही. ऐकायला गोड वाटलं. पण ते खरं नाही, आणि खोटं कौतुक घेऊन घरी जाणं मला जमायचं नाही.

येत्या रविवारी घरांची सोडत आहे. तिच्यासाठी जुन्या कामगारांची यादी मीच संगणकावर चढवली. कुणी दोनदा अर्ज भरला असेल तर एक रद्द करा, असा आदेश होता. मी नावांच्या रकान्याला सूत्र लावलं. नाव जसंच्या तसं किती वेळा आलंय, तेवढंच ते मोजतं. ‘रखमा दत्तू कोळी’ या नावासमोर दोनचा आकडा आला. मी दुसरी ओळ काढून टाकली आणि चहा प्यायले.

महिन्याभराने माझ्या टेबलासमोर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक शीवची, एक भायखळ्याची.

“बाय, आमी दोगी हाव. नीट मोज.”

एकाच गिरणीत, सूत गुंडाळायच्या एकाच वाइंडिंग खात्यात, तीच नावं, नवऱ्यांचीही तीच. खात्यात कधी कुणाचा घोटाळा झाला नाही. एक खिडकीवरची रखमा, दुसरी दारावरची. मुकादमाला कळत होतं ते माझ्या सूत्राला कळलं नाही. सूत्राला कशाला नावं ठेवू? शेजारच्याच रकान्यात दोघींचे वेगवेगळे बिल्ला नंबर होते. मी पाहिले नाहीत.

उडवली गेली ती दारावरची. संपात खिडकीवरचीच्या घरी चूल पेटेना, तेव्हा हिने आपल्या मासळीच्या टोपलीतलं सुकट आणि भाकरी वर्षभर तिच्या पोरांना पोचवली. म्हणून खिडकीवरची मला म्हणाली, “हिचा नाव नसंल तर माजा पण खोड.”

मी कार्यकारिणीला तीन पत्रं लिहिली. उत्तर काय आलं? यादी पक्की झाली, आता बदल नाही. चार दशकं थांबलेल्या बाईला आम्ही सांगतो, की कागद पक्का झालाय! अध्यक्षमहाराज, मला राग आला होता. अजून आहे.

आज साडेपाचपर्यंत मी नोकरीत आहे. सकाळी मी दुसरी ओळ परत घातली, नाव आणि बिल्ला नंबर जोडून पुन्हा मोजलं. दोघींसमोर एक-एक आला. कागद छापला, खाली माझी चूक लिहून सही केली. तो तुमच्यासमोर, शालीच्या घडीखाली ठेवलाय. सही तेवढी तुमची हवी. ती होईपर्यंत मी शाल घेणार नाही, नारळही नाही.

सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. यादीतली चूक मात्र पोटात घालू नका, दुरुस्त करा.

रखमाताई, तिसऱ्या रांगेतून दोघी जरा उभ्या राहा.

अध्यक्षमहाराज, आता तुम्ही मोजा.